फोड महिनाभर भरत नाहीये? त्वचेचा कॅन्सर सुरुवातीलाच कसा ओळखायचा

त्वचेच्या कॅन्सरचा विषय काढला की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, "तो गोऱ्या लोकांना होतो, आपल्याला कुठं!" हे अर्धं खरं आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, त्यामुळे ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे हे प्रमाण खूपच कमी आहे. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि कमी असल्यामुळेच भानगड होते, कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही, ना घरच्यांच्या ना मेडिकलवाल्याच्या, आणि मग वर्ष-दोन वर्षं ही ट्यूब लाव, ती ट्यूब लाव यातच निघून जातात.

या लेखात मुख्य भर बेसल सेल कार्सिनोमावर आहे, डॉक्टर लोक त्याला बीसीसी म्हणतात. जगात त्वचेचा सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर हाच. कातडीच्या वरच्या थराचा जो अगदी तळ असतो तिथल्या पेशींपासून तो सुरू होतो. याची चांगली बाजू म्हणजे तो शरीरात दुसरीकडे पसरणं फारच दुर्मिळ, शंभरात एकापेक्षाही कमी. वाईट बाजू म्हणजे तो जिथं आहे तिथं आत आत पोखरत जातो, आणि बहुतेक वेळा ती जागा म्हणजे नाक, पापणी, कान, गाल. आर्थर जेकब नावाच्या आयरिश डोळ्यांच्या डॉक्टरने १८२७ मध्येच पापणीवरच्या अशा जखमांचं वर्णन करून ठेवलंय, पुढे त्याला उंदराने कुरतडल्यासारखी जखम असं नाव पडलं आणि ते अगदी बरोबर आहे. लवकर पकडला तर छोट्या ऑपरेशनमध्ये काम होतं आणि बरं व्हायचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या बरंच वर आहे. उशीर केला तर जीव सहसा जात नाही पण नाकाचा तुकडा जाऊ शकतो.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नेटवर जे फोटो सापडतात ते जवळजवळ सगळे गोऱ्या कातडीवरचे, त्यात गुलाबी, मोतिया रंगाची गाठ आणि तिच्यावर लाल बारीक नसा. आपल्या कातडीवर हा कॅन्सर बऱ्याचदा काळा, तपकिरी किंवा निळसर असतो, म्हणजे थेट तिळासारखा दिसतो. त्यामुळे रंगावर फार जाऊ नका, कॅलेंडरवर जा. किती दिवस झाले, मधे भरला होता का, परत फुटला का, हे रंगापेक्षा जास्त सांगून जातं.

पहिलं काम: बघायचं कसं

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसा. ट्यूबलाईटमध्ये बारीक उंचवटे दिसत नाहीत. चष्मा, नथ, कानातलं, टिकली सगळं काढा, मेकअप पावडर नको. एक मोठा आरसा, एक हातातला आरसा आणि मोबाईलचा टॉर्च एवढं पुरतं.

टॉर्च समोरून मारू नका, बाजूने आडवा मारा, म्हणजे उंचवट्याची सावली पडते आणि कडा कळतात. काही संशयास्पद वाटलं तर दोन बोटांनी आजूबाजूची कातडी हलकेच ताणा. बीसीसीची कड किंचित उंच, गुंडाळून ठेवल्यासारखी असते आणि कातडी ताणली की तिच्यावर ओलसर मेणचट चकाकी उठून दिसते, सावळ्या रंगातसुद्धा. मग बोट फिरवून बघा, कडक लागतंय का, खरखरीत लागतंय का.

लोक कुठे बघायचं विसरतात ते सांगते. कानाच्या मागे, कानाच्या पाळीची वरची कड, डोळ्याचा नाकाकडचा कोपरा, खालची पापणी, नाकपुडीची खाच, केसांच्या रेषेच्या आत, टक्कल असेल तर पूर्ण डोकं, मानेची मागची बाजू. या जागी स्वतःला नीट दिसतही नाही, त्यामुळे दुसऱ्याची मदत घ्या. आणि खरं तर हा लेख स्वतःपेक्षा घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांसाठी वापरा, आजोबांच्या कानामागे आजोबा स्वतः कधीच बघणार नाहीत.

दुसरं काम: काय दिसलं तर सावध व्हायचं

सगळ्यात कॉमन चित्र असं: चेहऱ्यावर छोटा चकचकीत फोड येतो, दुखत नाही, खाजतही नाही फारसा. काही आठवड्यांनी टॉवेल घासला किंवा दाढी करताना ब्लेड लागलं की रक्त येतं. खपली धरते. खपली पडते, वाटतं झालं बरं, आणि दहा-पंधरा दिवसांनी त्याच जागी परत रक्त, परत खपली. मग मधे खड्डा पडतो आणि कडा वर राहतात. हे भरणं-फुटणं-भरणं जे चक्र आहे ना, तेच मुख्य लक्षण. साधी पुटकुळी एकदा फुटते, पंधरा दिवसात जाते आणि परत त्याच बिंदूवर सहसा येत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा: चार आठवड्यात न भरलेली किंवा भरून परत त्याच जागी उघडलेली जखम डॉक्टरला दाखवायची, दुखत नसली तरी. किंबहुना दुखत नसली तर जास्तच, कारण दुखणाऱ्या गोष्टीसाठी माणूस आपोआप दवाखान्यात जातो.

यात चष्म्याची गोष्ट वेगळी सांगायला पाहिजे. नाकाच्या मधे जिथं चष्म्याचे पॅड टेकतात तिथे जखम झाली की सगळे चष्म्याला दोष देतात. टेस्ट सोपी आहे, पॅड बदला, फ्रेम सैल करून घ्या, जमेल तितका वेळ चष्मा काढून ठेवा. चष्म्याची जखम दोनेक आठवड्यात बसते. नाही बसली तर प्रश्न चष्म्याचा नाही. नथ-मुरणीच्या भोकापाशी येणारा लालभडक मऊ कोंब मात्र बहुतेक वेळा साधाच असतो, टोचल्यानंतर काही दिवसात येतो. पण वर्षानुवर्षं घातलेल्या नथीपाशी म्हातारपणी नवीन जखम झाली तर ती त्याच चार आठवड्यांच्या नियमात.

दुसरा प्रकार तिळासारखा. काळा किंवा निळसर काळा दाणा, चकचकीत, हळूहळू वाढणारा. लहानपणापासून असलेला तीळ जसाच्या तसा असेल तर घाबरायचं कारण नाही. पन्नाशीनंतर चेहऱ्यावर एकच नवीन काळा दाणा आला, तो वर्षभरात वाढला आणि मधे रक्ताळला, तर तो तीळ समजून सोडू नका. आता इथे लोक लगेच घाबरतील कारण आपल्याकडे वयानुसार चेहऱ्यावर, मानेवर बारीक काळे दाणे भरपूर येतात, बायकांमध्ये गालांवर खूप दिसतात, घराण्यातच असतात. ते निरुपद्रवी. ते अनेक असतात, एकसारखे असतात, वरून चिकटवल्यासारखे वाटतात आणि त्यांच्यातून आपणहून रक्त येत नाही. शोधायचा तो यांच्यातला वेगळा पडलेला एकटा.

तिसरा प्रकार पाठीवर-छातीवर होतो, लालसर तपकिरी पातळ चट्टा, वर बारीक कोंडा, कडेला दोऱ्यासारखी किंचित उंच रेघ. हा हमखास नायटा किंवा इसब समजला जातो. मेडिकलमधून तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आणली जाते, तिच्यात स्टिरॉइड असतं त्यामुळे लाली कमी होते, वाटतं उतरलं, ट्यूब बंद केली की परत. फरक असा की नायटा खाजतो, भराभर पसरतो, घरात दुसऱ्यालाही होतो. एकच चट्टा, फार न खाजणारा, महिनोन्‌महिने हळू वाढणारा आणि बुरशीच्या पूर्ण कोर्सलाही न जुमानणारा असेल तर स्किनवाल्या डॉक्टरकडे जायचं आणि जाण्याआधी ती ट्यूब थांबवायची की नाही ते फोनवर विचारून घ्यायचं.

चौथा प्रकार क्वचित दिसतो पण डेंजर आहे, पांढुरका, कडक, जुन्या व्रणासारखा दिसणारा डाग, कडा नीट कळतच नाहीत. लक्षात ठेवायचं एवढंच की जिथं कधी लागलंच नव्हतं तिथे व्रण कसा आला?

पापणीचं थोडं वेगळं. रांजणवाडी म्हातारपणी परत परत त्याच जागी येतेय, किंवा तेवढ्याच भागातल्या पापण्यांचे केस गळलेत, तर डोळ्यांच्या डॉक्टरला स्पष्ट सांगा की ही तिसऱ्यांदा तिथेच आलीये. भारतात पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचा कॅन्सर पाश्चात्य देशांपेक्षा जास्त दिसतो आणि तो अगदी रांजणवाडीचं सोंग घेऊन येतो.

तिसरं काम: कंबर, जुने व्रण, तळपाय

हा भाग परदेशी वेबसाईटवर सहसा सापडत नाही, म्हणून जरा थांबून लिहिते. आपल्याकडे बीसीसीइतकाच महत्त्वाचा दुसरा कॅन्सर आहे, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तो उन्हाने होतोच, पण आपल्याकडे तो बऱ्याचदा वर्षानुवर्षं डिवचल्या गेलेल्या कातडीत होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतर कॅन्सरची नोंद केली, कंबरेला धोतर घट्ट आवळून आवळून त्या पट्ट्यात होणारा कॅन्सर. पुढे साडीच्या परकराच्या नाडीखाली तसाच प्रकार नोंदवला गेला. काश्मिरात फिरनच्या, म्हणजे लांब झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी धरून पोट-मांड्या भाजत राहतात, तिथे कांगडी कॅन्सर. सगळीकडे कारण एकच, त्याच जागेवर रोजचा त्रास.

म्हणून आई-आजीला कंबरेवर नाडीची जागा बघायला सांगा. तिथं काळपट, जाड, कोंडा सुटलेली, खाजरी कातडी बऱ्याच बायकांना असते आणि ती कॅन्सर नाही, पण तो इशारा समजून नाडी सैल करायची, बारीक दोरीऐवजी रुंद पट्टीची किंवा इलॅस्टिकची घ्यायची, रोज थोडी वर-खाली बांधायची. त्या काळपट पट्ट्यात चीर पडून जखम झाली आणि महिनाभरात भरली नाही, किंवा कडक गाठ, फुलकोबीसारखी वाढ, घाण वास यायला लागला तर मात्र लगेच दाखवा.

जुने भाजलेले व्रण तसेच. लहानपणी चुलीत हात पडलेला, स्टोव्ह भडकलेला, गरम पाणी सांडलेलं, आणि त्या व्रणात वीस-तीस वर्षांनी जखम होते आणि भरतच नाही. लोक म्हणतात जुनं दुखणं आहे, होतं असं. नाही होत असं. शांत झालेला व्रण इतक्या वर्षांनी आपणहून उघडला तर त्याचा तुकडा तपासलाच पाहिजे. कुष्ठरोगामुळे किंवा इतर कारणाने बधिर झालेल्या पायावर वर्षानुवर्षं असलेल्या जखमेची कड अचानक वर यायला लागली तर तिथेही हेच लागू.

खालच्या ओठाचंही बघा. कोरडा, भेगाळलेला, पांढुरका खरखरीत डाग, उन्हात काम करणारे आणि तंबाखू ओठात धरणारे यांच्यात. व्हॅसलीनने महिन्यात मऊ पडला नाही तर दाखवा.

आणि तळपाय-तळहात-नखं. मेलॅनोमा हा सगळ्यात आक्रमक प्रकार आपल्याकडे कमी आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, जिथं ऊन लागतच नाही. गायक बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता, आधी खेळताना लागलंय असंच समजलं गेलं, १९८१ मध्ये तो गेला, वय ३६. आपल्यात बऱ्याच लोकांना अनेक नखांवर फिकट काळ्या उभ्या रेघा असतात, त्या चालतात. मोठेपणी एकाच नखावर नवीन आलेली, रुंद होत जाणारी, नखाच्या मुळाशी कातडीवरही काळं पसरवणारी रेघ असेल तर चार आठवडे वगैरे थांबायचं नाही. तळपायावरचा नवीन काळा डाग, वेडीवाकडी कड, दोन-तीन रंग, तोही तसाच.

चौथं काम: फोटो काढून ठेवा

संशयाची जागा सापडली की त्याच दिवशी फोटो. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे साईज कळते, आडवा उजेड, एक फोटो जवळून आणि एक लांबून, म्हणजे चेहऱ्यावर नेमकी कुठे ते कळेल. फिल्टर आणि ब्यूटी मोड बंद करा, नाहीतर फोन स्वतःच डाग पुसून टाकतो. तारीख लिहा. मग दर आठवड्याला त्याच जागी उभं राहून तसाच फोटो. डॉक्टरसमोर बसून "बरेच दिवस झाले" म्हणण्यापेक्षा चार फोटो दाखवणं हजारपट उपयोगी. हे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकून मतं मागवू नका, तिथे कुणीतरी हळद सांगतं, कुणी चुना, आणि महिना जातो.

काय करायचं नाही

घोड्याच्या केसाने बांधणं, चुना-सोडा लावून जाळणं, बिब्बा लावणं, अगरबत्तीचा चटका, ब्लेडने खरवडणं, यातलं काहीही नाही. बिब्ब्याने तर निरोगी कातडीही भाजते आणि नंतर डॉक्टरला मूळ काय होतं तेच कळत नाही. पार्लरमध्ये किंवा लेझरवाल्याकडे "तीळ काढून देतो" म्हणतात, तिथेही जपून. संशय असलेली गोष्ट जाळून टाकली तर तपासायला काही उरत नाही, वरची कातडी भरते आणि खाली ते वाढत राहतं. काहीही कापलं तर तुकडा पॅथॉलॉजीला जाणार आहे का, हा एक प्रश्न विचाराच. नाही म्हणाले तर उठून या.

पाचवं काम: डॉक्टरकडे गेल्यावर

त्वचारोगतज्ज्ञ, म्हणजे त्वचारोगात एमडी किंवा डीव्हीडी (डिप्लोमा) केलेले. खासगी परवडत नसेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या मेडिकल कॉलेजची स्किन ओपीडी, मुंबईत जेजे, केईएम, सायन, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं जीएमसी. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, गर्दी असते, पण अशा जखमा तिथल्या डॉक्टरांनी भरपूर बघितलेल्या असतात आणि माझ्या मते नाक्यावरच्या चकाचक स्किन क्लिनिकपेक्षा या कामासाठी ती ओपीडी बरी. खोलीत गेल्यावर पिंपल्स, केस गळणं हे विषय नंतर, पहिलं वाक्य असं: "ही जखम इतक्या महिन्यांची आहे, इतक्यांदा भरून परत उघडली, रक्त येतं." डॉक्टरला संशय यायला एवढं पुरतं.

सोबत हेही सांगा: किडनी ट्रान्सप्लांट किंवा इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत का (यात धोका कित्येक पटीने वाढतो), पूर्वी रेडिएशन घेतलंय का, वर्षानुवर्षं शेतात-होडीवर-बांधकामावर उन्हात काम केलंय का, धातूंची भस्मं असलेली औषधं बराच काळ घेतलीत का, बंगालसारख्या आर्सेनिकवाल्या पाण्याच्या भागात राहिलात का. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आठवणीने सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. जन्मापासून अंगात रंगच नसलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या माणसांनी तर लहानपणापासून नियमित तपासणी ठेवायची. कोड असलेल्यांनी उगाच घाबरू नये, कोडाचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही.

डॉक्टर आधी डर्मोस्कोप नावाचं दिव्याचं भिंग लावून बघतील, दुखत नाही. संशय वाटला तर बायोप्सी. हे नाव ऐकूनच अर्धे पेशंट पळतात, त्यात कुणीतरी सांगितलेलं असतं "लोखंड लागलं की पसरतो". नाही पसरत. जागा बधिर करायची सुई चावते तेवढीच, मग तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा, एखाद-दुसरा टाका, पंधरा-वीस मिनिटांत घरी. रिपोर्ट साधारण आठवड्यात. रिपोर्टची मूळ कॉपी आणि शक्य असेल तर स्लाईड-ब्लॉक (तपासलेल्या तुकड्याची काच आणि मेणातला तुकडा) जपून ठेवा, मोठ्या हॉस्पिटलला गेलात की तेच मागतात.

बीसीसी निघाला तर साधारणपणे आजूबाजूची चारेक मिलिमीटर चांगली कातडी घेऊन तो कापतात आणि कडा स्वच्छ आहेत का ते परत तपासतात. रिपोर्टमध्ये "मार्जिन" (म्हणजे याच कडा) शब्द शोधा आणि ते मोकळे आहेत का विचारा, हा प्रश्न विचारायला लाजू नका. नाक-पापणीसारख्या जागी मोह्ज सर्जरी असते, थर थर काढत लगेच मायक्रोस्कोपखाली बघतात, पण ती आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होते, नाहीतर प्लास्टिक सर्जन नीट काम करतात. पाठीवरच्या पातळ प्रकाराला काही वेळा क्रीमही चालतं, ऑपरेशन न झेपणाऱ्याला रेडिएशन. खर्चाचं टेन्शन असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

उन्हाचं थोडक्यात: सकाळी दहा ते चार जमेल तितकी सावली, कान आणि नाक झाकणारी रुंद कडेची टोपी (गांधी टोपीला कडच नाही, कान पूर्ण उघडे), पुण्यातल्या मुलींचा स्कार्फ या बाबतीत एकदम बेस्ट, आणि एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन परवडत असेल तर. मेलबर्न-सिडनीला राहणाऱ्यांनी तिथल्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला स्किन चेक करायला सांगायचं, "आमचा रंग सावळा आहे, आम्हाला नको" म्हणून टाळायचं नाही.

ऑपरेशन झाल्यावरही फाईल बंद होत नाही, एकदा झालेल्याला दुसऱ्या जागी परत व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. डॉक्टर सहसा सुरुवातीला सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा बोलावतात, त्या तारखा गॅस बुकिंगसारख्या मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. आणि त्या वेळी फक्त जुना टाका दाखवून परत येऊ नका, कपडे बदलून पूर्ण पाठ, कान, डोकं बघायला सांगा.